नगर जिल्ह्यातले दोन ल्यूथर

अहिल्यानगर जिल्ह्यात जुनी ख्रिस्ती वस्ती असलेल्या गावांत ऑक्टोबर संपता संपता दोन निराळ्या गोष्टींची लगबग असते. प्रोटेस्टंट मंडळीत पाळकसाहेब धर्मसुधारणेवर उपदेश करतात आणि मार्टिन ल्यूथरचं नाव निर्भय माणूस म्हणून आदराने घेतलं जातं. कॅथलिक चर्चमध्ये 1 नोव्हेंबरच्या सकल संतांच्या सणाची आणि 2 नोव्हेंबरला मृतांसाठी करायच्या प्रार्थनेची तयारी चालते. तिथे ल्यूथरचं नाव सहसा निघत नाही. जुन्या पिढीत ते निघालंच, तर चर्च दुभंगणारा, शपथ मोडणारा साधू म्हणून निघे.

या तारखा एकमेकींना लागून आल्या त्याला कारण आहे. 1517 साली सकल संतांच्या सणाला जर्मनीतल्या विटेनबर्गच्या राजवाड्यातल्या चर्चमध्ये संतांचे अवशेष दर्शनासाठी मांडले जायचे आणि दर्शनाबरोबर दंडमाफीचं, म्हणजे पापाबद्दलची शिक्षा माफ होण्याचं, पुण्यही मिळायचं. त्याच्या आदल्या दिवशी, 31 ऑक्टोबरला, ऑगस्टिनियन संघातल्या एका तेहेतीस वर्षांच्या साधू-प्राध्यापकाने दंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीवर 95 मुद्दे लिहून आर्चबिशपकडे पाठवले. हे मुद्दे त्याने चर्चच्या दारावर खिळ्याने ठोकले, असं जगभरच्या शाळांत शिकवलं गेलं. स्वतः ल्यूथरने मात्र तसं कुठे सांगितलेलं नाही. ती माहिती येते ती त्याच्या मृत्यूनंतर, 1546 साली, त्याचा सहकारी मेलांख्टन याच्या लिखाणातून. 1961 मध्ये एर्विन इझरलो या कॅथलिक इतिहासकाराने ही गोष्ट घडलीच नसावी असं मांडलं आणि त्यावर अजूनही वाद आहे.

माणसाच्या चरित्रातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंगच जिथे असा वादात आहे, तिथे त्याच्या चारित्र्याबद्दल दोन पंथांत एकमत नसलं तर नवल नाही. नवल आहे ते निराळंच. नगर जिल्ह्यातल्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या ल्यूथरच्या पंथातल्या नाहीत आणि इथल्या कॅथलिकांच्या पूर्वजांना ल्यूथरने कधी दुखावलेलं नाही. तरीही हा वाद मुळा-प्रवरेच्या खोऱ्यात आला आणि रुजला. तो कुणी आणला, हे पाहिल्याशिवाय तो समजत नाही.

पहिला ल्यूथर अमेरिकेतून आला. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली अहमदनगरला ठाणं मांडलं. 1842 मध्ये याच शहरातून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं. मिशनच्या शाळा निघाल्या आणि सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात तसं काम करायची प्रेरणा मिळाली. 1854 मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. हे अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतले होते. त्यांच्या मते प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार आपण पाहायला मुखत्यार होती. बिशप नको, पोप तर नकोच. त्यांच्या विचारांचं मूळ ल्यूथरपेक्षा कॅल्विन या दुसऱ्या सुधारकाकडे आणि इंग्लंडमधल्या प्युरिटनांकडे जास्त जातं. पण कॅल्विनची गोष्ट सांगायला अवघड आणि ल्यूथरची सोपी. एकटा साधू, समोर सम्राट आणि पोपचा दूत, 1521 सालची वर्म्सची सभा, आणि लिहिलेलं मागे घ्यायला ठाम नकार. घरदार, भावकी आणि वतन यांच्या विरोधात जाऊन बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला ही गोष्ट स्वतःचीच वाटली असेल, तर त्यात खोटं काही नव्हतं.

मराठी विचारवंतांनाही तो काळ खुणावत होता. न्यायमूर्ती रानडे यांनी 1900 साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरच्या इंग्रजी ग्रंथात संतांच्या चळवळीची तुलना युरोपातल्या धर्मसुधारणेशी केली. विद्वानांच्या भाषेतलं धर्मज्ञान लोकांच्या भाषेत आणणं, हे साम्य त्यांना मोठं वाटलं. ती तुलना नगर जिल्ह्याला थेट भिडते, कारण ज्ञानेश्वरी 1290 साली याच जिल्ह्यात, नेवाशाला सांगितली गेली. ल्यूथरने नव्या कराराचं जर्मन भाषांतर प्रसिद्ध केलं 1522 मध्ये आणि पूर्ण बायबल 1534 मध्ये. मात्र ही तुलना फार ताणू नये. वारकऱ्यांनी पंढरपूर सोडून दुसरं पंढरपूर उभारलं नाही. युरोपात मात्र चर्च फुटलं, त्यामागे राजे उभे राहिले आणि 1618 ते 1648 अशी तीस वर्षं मध्य युरोप रक्तात भिजला.

दुसरा ल्यूथर जर्मनीतून आला, आणि त्याच्या मागे ताजी जखम होती.

मुंबई आणि पुणे भागातलं कॅथलिक मिशन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जर्मन जेझुइट धर्मगुरूंकडे होतं. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज त्यांनीच 1869 मध्ये काढलं. इकडे हे काम वाढत असताना तिकडे 1871 मध्ये जर्मन साम्राज्य उभं राहिलं आणि त्याचा चान्सलर बिस्मार्क याने कॅथलिक चर्चशी उघड संघर्ष सुरू केला. 4 जुलै 1872 च्या कायद्याने जेझुइटांना जर्मनीत थारा राहिला नाही. त्यांची घरं बंद झाली आणि माणसं परदेशी पांगली. हा कायदा पूर्णपणे रद्द व्हायला 1917 साल उजाडलं. याच काळात, 1883 मध्ये, ल्यूथरच्या जन्माला 400 वर्षं झाली आणि नव्या जर्मनीने त्याला राष्ट्रपुरुष म्हणून मिरवलं. ज्यांना मायदेशात राहायची बंदी होती, त्यांना त्या उत्सवात काय दिसलं असेल याची कल्पना करता येते.

अशा पिढीतले धर्मगुरू 1878 च्या सुमारास नगर जिल्ह्यात, राहुरी तालुक्यातल्या वळण आणि केंदळ या गावांत आले. दख्खनचा मोठा दुष्काळ नुकताच सरत होता. महार आणि मांग समाजातली कुटुंबं मिशनकडे वळत होती. अमेरिकन मिशन आधीपासून होतं, अँग्लिकन मंडळी आली होती आणि आता कॅथलिक आले. एकाच गावात, एकाच भावकीत, कुणी अमेरिकन मिशनचं झालं तर कुणी फादरांचं. शाळा कुणाची जवळ, दुष्काळात धान्य कुणी दिलं, पाटलाच्या जुलमाविरुद्ध कचेरीत कोण उभं राहिलं, यावर बहुतेकांचा पंथ ठरला. विटेनबर्गचा त्यात काही संबंध नव्हता. पण पंथ ठरल्यावर त्याचा इतिहासही सोबत आला. 1903 मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी केंदळहून ‘निरोप्या’ हे कॅथलिक मासिक सुरू केलं. आता एका जिल्ह्यात दोन पंथांची दोन मराठी नियतकालिकं जन्माला आलेली होती. डोरिंग 1907 मध्ये पुण्याचे बिशप झाले.

त्या वेळी कॅथलिक जगात ल्यूथरचं जे चित्र चालू होतं, ते तीन-साडेतीन शतकांपूर्वीचं होतं. ल्यूथरचा समकालीन विरोधक योहान्नेस कोखलेउस याने 1549 मध्ये त्याचं चरित्र छापलं. त्यात ल्यूथर लबाड, व्यसनी, कामुक आणि अहंकारी आहे. पुढच्या कॅथलिक लेखकांनी तेच पुन्हा पुन्हा उतरवलं. ही उसनवारी किती खोलवर गेली होती, ते आडोल्फ हेर्टे या कॅथलिक अभ्यासकानेच 1943 मध्ये पुराव्यानिशी दाखवलं. 1904 साली, म्हणजे ‘निरोप्या’ निघाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, हाइनरिख डेनिफ्ले या डॉमिनिकन पंडिताचा ल्यूथरवरचा ग्रंथ आला. डेनिफ्ले मध्ययुगीन हस्तलिखितांचे थोर जाणकार. ल्यूथरने आपल्या आधीच्या धर्मपंडितांचे विचार चुकीचे सांगितले, हा त्यांचा मुद्दा अभ्यासकांना गंभीरपणे घ्यावा लागला. पण वासना आवरेना म्हणून या माणसाने श्रद्धेने तारण होतं हा सिद्धांत काढला, असंही त्यांनी लिहिलं आणि तिथे पंडिताची जागा फिर्यादीने घेतली. काही वर्षांनी हार्टमान ग्रिसार या जेझुइटाने शांत सुरात तीन खंड लिहिले. त्यांचा ल्यूथर पापी कमी आणि मनाने आजारी जास्त होता.

प्रोटेस्टंट बाजूचं चित्रही काही कमी एकांगी नव्हतं. त्यात ल्यूथरच्या आधी अंधार आणि नंतर उजेड. ल्यूथरच्या आधी जर्मनमध्ये डझनाहून जास्त वेळा बायबल छापून झालं होतं, हे त्यात येत नाही. दंडमाफीबद्दल चर्चची मूळ शिकवण पाप विकत माफ करण्याची नव्हती, हेही येत नाही. टेट्झेलसारख्या प्रचारकांनी रोमच्या सेंट पीटर्सच्या बांधकामासाठी आणि आर्चबिशपचं कर्ज फेडण्यासाठी तिचा बाजार मांडला, ही गोष्ट खरी. आणि 1567 मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेल्या दंडमाफ्या रद्द केल्या, ही गोष्टही खरी. पहिली कॅथलिक घरात सांगितली जात नसे, दुसरी प्रोटेस्टंट घरात.

सर्वांत मोठा वाद लग्नाचा. 1525 मध्ये साधू ल्यूथरने मठ सोडलेल्या काटारिना फोन बोरा या जोगिणीशी लग्न केलं. कॅथलिक नजरेत दोन व्रतं एकदम मोडली. प्रोटेस्टंट नजरेत पाळकाचं घर जन्माला आलं. नगर जिल्ह्यात हा फरक रोज डोळ्यांसमोर आहे, कारण इकडे पाळकीणबाई आहेत आणि तिकडे फादर आणि सिस्टर. प्रोटेस्टंट घरात शिकलेल्या पाळकीणबाईंचा मराठी समाजाला किती लाभ झाला, ते सांगायला नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ पुरेशी आहेत. तिकडे दवाखान्यांत आणि वसतिगृहांत आयुष्य घातलेल्या अविवाहित सिस्टरांचं ऋण नाकारणारा माणूस या जिल्ह्यात सापडणं कठीण. व्रत मोडलं हे खरं आणि त्यातून एक चांगली परंपरा निघाली हेही खरं. दोन्ही मान्य करायला कुणालाही आपला पंथ सोडावा लागत नाही.

आता थोडं हरेगावला जाऊ. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावी सप्टेंबरात मरियामातेच्या जन्मदिनाच्या सुमारास मतमाउलीची यात्रा भरते आणि त्यात ख्रिस्ती नसलेले भाविकही मोठ्या संख्येने असतात. प्रोटेस्टंट मंडळींतले कर्मठ लोक या यात्रेकडे नाराजीने पाहतात आणि त्यांच्या मनात नकळत ल्यूथर उभा असतो. पण 1521 मध्ये प्रसिद्ध झालेलं ल्यूथरचं एक पुस्तक मरियेच्या स्तोत्रावरचं आहे आणि ते प्रेमाने लिहिलेलं आहे. देवाने एका गरीब, कुणी न विचारलेल्या मुलीकडे पाहिलं, यावर त्याचा भर आहे. तिला देवमाता म्हणणं त्याने कधी सोडलं नाही. त्याचा आक्षेप होता तो तिच्याकडे किंवा संतांकडे मागणं मागण्याला.

प्रभुभोजनाचंही तेच. 1529 मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंगली समोरासमोर बसले. झ्विंगलीला भाकर हे ख्रिस्ताच्या शरीराचं चिन्ह वाटत होतं. ल्यूथरने मेजावर खडूने ख्रिस्ताचं वाक्य लिहून ठेवलं आणि भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं या मतावरून तो हलला नाही. अमेरिकन मिशनने नगरला जी परंपरा आणली ती झ्विंगली आणि कॅल्विन यांच्या बाजूची. म्हणजे या एका प्रश्नावर ल्यूथर आज नगरला आला, तर आपल्या चाहत्यांपेक्षा मिस्सेला गेलेल्या कॅथलिकांच्या जास्त जवळ बसेल. दोन्ही बाजूंनी ज्याला शतकभर आपला किंवा परका ठरवलं, तो माणूस दोघांनाही नीट ओळखीचा नव्हता.

तरीही ल्यूथरच्या आयुष्यातल्या एका पानापाशी नगरच्या वाचकाने सर्वांत जास्त थांबायला हवं, आणि नेमकं तेच पान दोन्ही चित्रांत घाईने उलटलेलं असतं.

1524-25 मध्ये जर्मनीतले शेतकरी उठले. मेमिंगेन शहरात त्यांनी बारा कलमं लिहिली. गावाला आपला पाळक निवडू द्या, धर्माचा कर गावाच्या कामाला लावा, आम्हाला भूदास म्हणून बांधून ठेवू नका, जंगल आणि नदी सर्वांना खुली करा, अशा त्या मागण्या होत्या. ख्रिस्ताने सर्वांना मुक्त केलं असेल तर आम्ही बांधलेले का, हा त्यांचा प्रश्न ल्यूथरच्याच शिकवणीतून उगवला होता. सुरुवातीला ल्यूथरने सरदारांना दोष दिला. मग हिंसा वाढली तेव्हा त्याने अत्यंत कठोर शब्दांत पुस्तिका लिहिली आणि बंडखोरांना ठार मारायला राजांना मोकळीक दिली. 15 मे 1525 रोजी फ्रांकेनहाउझेनला शेतकऱ्यांची कत्तल झाली. सर्वत्र मिळून मेलेल्यांचा अंदाज 70 हजार ते 1 लाख सांगितला जातो.

कॅथलिक लेखकांनी हे पान वापरलं ते ल्यूथरनेच बंड पेटवलं असं म्हणण्यासाठी. प्रोटेस्टंट लेखकांनी ते काळाची मर्यादा म्हणून झाकलं. पण फ्रांकेनहाउझेनला शेतकऱ्यांवर चाल करून गेलेल्यांत ल्यूथरचा पाठीराखा हेसचा फिलिप होता आणि ल्यूथरचा कट्टर कॅथलिक शत्रू सॅक्सनीचा ड्यूक गेओर्गही होता. धर्मावर एकमेकांचं तोंड न पाहणारे दोघे शेतकऱ्यांना मारताना एका बाजूला उभे राहिले.

हा जिल्हा अशा गोष्टी समजू शकतो. 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली होती. तीन वर्षांनी याच जिल्ह्यात कॅथलिक मिशन आलं. इथले बहुसंख्य ख्रिस्ती भूमिहीनांच्या, वेसकरांच्या, बलुत्यावर जगणाऱ्यांच्या घरातून आलेले आहेत. त्यांनी ल्यूथरला कसं तोलायचं हे न्यू इंग्लंडने किंवा रोमने का ठरवावं? बारा कलमं लिहिणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून ल्यूथरकडे पाहण्याचा हक्क त्यांच्याइतका फार थोड्यांना आहे. तिथून पाहिलं की ल्यूथर मोठा दिसतो आणि त्याची ही चूकही तेवढीच मोठी दिसते. 1543 मध्ये त्याने ज्यूंविरुद्ध लिहिलेलं पुस्तकही त्याच खात्यात मांडावं लागेल. त्यात त्याने त्यांची प्रार्थनामंदिरं जाळायला सांगितलं. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लूथरन चर्चने 1994 मध्ये हे लिखाण जाहीरपणे नाकारलं.

युरोपात बर्फ वितळायला सुरुवात झाली ती योझेफ लोर्ट्झ यांच्यापासून. 1939-40 मध्ये या कॅथलिक इतिहासकाराने लिहिलं की ल्यूथर खरोखर देवाचा शोध घेणारा माणूस होता आणि चर्चमधली घाण त्याने शोधून काढलेली नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये ख्रिस्ती ऐक्यावरचा दस्तऐवज मंजूर केला. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गमध्ये, माणसाचं तारण कृपेने आणि श्रद्धेने होतं या मूळ भांडणाच्या मुद्द्यावर लूथरन जागतिक संघ आणि रोम यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. 2011 मध्ये पोप बेनेडिक्ट ल्यूथरच्या एरफुर्टच्या मठात गेले. 31 ऑक्टोबर 2016 रोजी पोप फ्रान्सिस स्वीडनमधल्या लुंडला लूथरनांबरोबर प्रार्थनेला उभे राहिले.

मराठी मुलखात हा बदल ल्यूथरचं नाव न घेता झाला. परिषदेनंतर मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली आणि सामान्य कॅथलिक माणसाच्या हातात बायबल आलं. ल्यूथरच्या मागण्यांपैकी या दोन मागण्या रोमने साडेचारशे वर्षांनी आपल्या वाटेने पुऱ्या केल्या. एकेकाळी मराठी बायबल म्हणजे प्रोटेस्टंटांचं काम असा समज होता. पंडिता रमाबाईंचं भाषांतर त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये पूर्ण छापलं गेलं. 2010 मध्ये वसईचे कॅथलिक धर्मगुरू फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आलं आणि पुढे 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. त्याच्या चारशे वर्षं आधी, 1616 मध्ये, ‘ख्रिस्तपुराण’ छापणारे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधून बाहेर पडलेले कॅथलिक होते. तिथे प्रोटेस्टंट राजवटीत कॅथलिकांचा छळ चालू होता, म्हणून ते रोमला गेले, जेझुइट झाले आणि 1579 मध्ये गोव्याला पोचले. त्या फाटाफुटीतूनच मराठीला हे महाकाव्य मिळालं.

नगर जिल्ह्यात आता कॅथलिक-प्रोटेस्टंट सोयरिकी होतात, मयताला दोन्हीकडची माणसं येतात, नाताळात एकमेकांकडे फराळ जातो. पण ल्यूथरबद्दलची दोन चित्रं घरात तशीच टांगलेली आहेत, कारण ती उतरवून शेजारी शेजारी ठेवायचं काम कुणी केलेलं नाही. ‘ज्ञानोदय’ आणि ‘निरोप्या’ यांनी शंभर-दीडशे वर्षांत एकमेकांच्या पंथाबद्दल आणि त्या जर्मन साधूबद्दल काय काय लिहिलं, याचा एकत्र अभ्यास मराठीत व्हायला हवा. तो नगरच्याच माणसांनी केला तर उत्तम. राहुरी, वळण, केंदळ, वडाळा, संगमनेर, शेवगाव या भागांतल्या जुन्या ख्रिस्ती घरांत या अंकांच्या बांधीव फाइली, मिशनची पत्रकं, आजोबांच्या वह्या अजून असतील. त्या रद्दीत घालू नका. जवळच्या कॉलेजात किंवा चर्चच्या कार्यालयात त्यांची स्कॅन प्रत करून घ्या आणि मूळ कागद घरीच जपून ठेवा.